मोल वर आला की कॅमेरा हलला? सोल ३२५च्या प्रतिमांचे एक प्रकरण

मंगळावरच्या ‘इनसाइट’ यानाने पाठवलेल्या, ‘मोल’ नावाच्या जमिनीत शिरणाऱ्या खिळ्याच्या प्रतिमांवरून घडलेले हे प्रकरण तीन हौशी खगोलप्रेमींचे आहे आणि त्यांपैकी एक मी आहे. उरलेल्या दोघांच्या संमतीने ते लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत. एक निवृत्त ड्राफ्ट्समन, ज्यांना आम्ही काका म्हणतो, आणि एक माध्यमिक शाळेतील विज्ञानशिक्षिका, ज्या आमच्या ताई. मी संगणकाच्या व्यवसायात असल्याने प्रतिमांवर प्रक्रिया करण्याचे काम माझ्याकडे होते. प्रसंग एका दिवसाचा आहे, पण त्या दिवशी घेतलेले आणि टाळलेले निर्णय पुढची तीन वर्षे आमच्या कामाला वळण देत राहिले, म्हणून त्याची सविस्तर नोंद करावीशी वाटली.

पार्श्वभूमी

‘इनसाइट’ हे अमेरिकेच्या नासाचे लँडर ५ मे २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील व्हँडेनबर्ग येथून निघाले आणि २६ नोव्हेंबर २०१८ रोजी मंगळाच्या विषुववृत्ताजवळील एलिसियम प्लॅनिशिया या सपाट मैदानावर उतरले. ते फिरणारे यान नव्हते. जिथे पाय टेकले तिथेच राहून ग्रहाच्या अंतरंगाचा वेध घेणे हे त्याचे काम होते आणि त्यासाठी दोन मुख्य उपकरणे यांत्रिक भुजेने उचलून जमिनीवर ठेवायची होती. पहिले भूकंपमापक, जे १९ डिसेंबर २०१८ रोजी जमिनीवर ठेवले गेले. दुसरे जर्मन अवकाश संस्थेने बनवलेले उष्णतामापक, ज्याचा खिळ्यासारखा भाग सगळीकडे ‘मोल’ याच नावाने ओळखला जातो. सुमारे ४० सेंटिमीटर लांब आणि २.७ सेंटिमीटर जाड असा हा खिळा आतल्या हातोड्याने स्वतःलाच ठोके देत जमिनीत पाच मीटरपर्यंत खोल जाईल, अशी योजना होती.

२८ फेब्रुवारी २०१९ रोजी ठोकण्यास सुरुवात झाली आणि मोल सुमारे ३० सेंटिमीटरवर अडकला. प्रत्येक ठोक्यानंतर मोलला मागे उसळी बसते आणि ती उसळी आजूबाजूच्या मातीच्या घर्षणाने शोषली जावी लागते. जूनमध्ये त्याच्यावरील आधाराची चौकट भुजेने उचलून बाजूला ठेवल्यावर दिसले, की मोलभोवती त्याच्या जाडीच्या साधारण दुप्पट रुंदीचा खड्डा तयार झाला आहे. मोलच्या वरच्या भागाला माती धरतच नव्हती. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये भुजेच्या टोकाचा स्कूप, म्हणजे माती उचलण्याचे छोटे फावडे, मोलच्या बाजूला दाबून ठेवत ठोकण्याचा उपाय सुरू झाला आणि ८ ऑक्टोबरपासून तीन वेळा मिळून २२० ठोक्यांत मोल सुमारे दोन सेंटिमीटर आत गेला. सात महिन्यांत पहिल्यांदाच तो खाली सरकत होता.

लँडरवर दोन कॅमेरे होते. एक भुजेवर बसवलेला, ४५ अंशांचा कोन टिपणारा. दुसरा डेकच्या, म्हणजे लँडरच्या वरच्या सपाट फलाटाच्या, खाली पक्का बसवलेला, १२४ अंशांचा, मत्स्यनेत्री भिंगाचा. दोन्हींच्या प्रतिमा १०२४ बाय १०२४ पिक्सेलच्या. पृथ्वीवर पोचलेल्या कच्च्या प्रतिमा थोड्याच वेळात सर्वांसाठी खुल्या होत असत आणि प्रत्येकीसोबत तारीख, सोल म्हणजे मंगळदिनाचा क्रमांक आणि मंगळावरची स्थानिक वेळ दिलेली असे. ही शेवटची नोंद आम्हाला किती मोलाची आहे, हे आम्ही जुलैमध्ये एक चूक करून शिकलो होतो.

जुलैमधली चूक

आधाराची चौकट हलवल्यानंतर आम्ही मोलभोवतीच्या खड्ड्याच्या दोन प्रतिमा एकाआड एक दाखवणारे हलते चित्र केले आणि आमच्या ओळखीच्या खगोलप्रेमींना ‘खड्ड्याची कडा ढासळली’ असे कळवले. प्रत्यक्षात कडा जशीच्या तशी होती. एक प्रतिमा मंगळावरच्या सकाळची होती, दुसरी दुपारची. सावली फिरली होती आणि मी दोन्ही प्रतिमांचा कॉन्ट्रास्ट वाढवल्यामुळे ती सावली तुटलेल्या कडेसारखी दिसत होती. काकांनी दोन दिवसांनी कागदावर दोन्ही वेळांच्या सूर्यकिरणांची दिशा काढून दाखवली, तेव्हा आम्ही आमचे म्हणणे मागे घेतले. तेव्हापासून एक नियम ठरला होता: तुलना करायची ती स्थानिक वेळ जुळणाऱ्या प्रतिमांचीच.

समस्या

मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटे ३५ सेकंदांचा असल्यामुळे तिथली दुपार आपल्याकडे रोज सुमारे चाळीस मिनिटे पुढे सरकते. ऑक्टोबरच्या अखेरीस ती भारतातल्या मध्यरात्रीच्या आसपास येत होती आणि प्रतिमा पहाटे हाती लागत होत्या. शनिवार, २६ ऑक्टोबर म्हणजे सोल ३२५. त्या दिवशीच्या ठोक्यांच्या प्रतिमा आम्हाला मिळाल्या तेव्हा इकडे रविवार उजाडत होता आणि तो नरक चतुर्दशीचा दिवस होता. घरात उटण्याचा वास होता, बाहेर पहिले फटाके वाजू लागले होते आणि पडद्यावर मोल जमिनीतून बाहेर आलेला दिसत होता.

मी ज्या क्रमाने प्रतिमा उतरवून घेतल्या त्याच क्रमाने त्या जोडल्या. आदल्या काही सोलच्या प्रतिमा आणि त्या दिवसाच्या प्रतिमा एकत्र करून हलते चित्र तयार केले, रंग नेहमीपेक्षा गडद केला, कारण तांबड्या जमिनीवर धातूचा खिळा उठून दिसावा असे वाटले, आणि पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी ते आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. सोबत एवढेच लिहिले होते: ‘मोल बाहेर आला!’

दहा मिनिटांत काकांचा फोन आला. ते म्हणाले, “अरे, कॅमेरा कशावर आहे? भुजेवर ना? मग भुजा हलली की मोल हलला, हे तू कशावरून ठरवलंस?”

प्रश्न नेमका होता. भुजेवरच्या कॅमेऱ्यात स्कूप नेहमी जवळपास त्याच जागी दिसतो, कारण दोन्ही एकाच भुजेवर आहेत. माझ्या प्रणालीने प्रतिमा एकमेकींवर बसवताना सर्वांत ठळक कडा निवडल्या होत्या आणि त्या स्कूपच्या होत्या. भुजा किंचित जरी खाली-वर झाली असेल, तर स्कूप स्थिर दिसणार आणि बाकीचे सारे जग सरकल्यासारखे दिसणार. शिवाय जवळची वस्तू लांबच्या वस्तूपेक्षा अधिक सरकल्यासारखी दिसते, म्हणजे जमिनीवर उभा असलेला मोल हा अशा भासाला बळी पडण्यास सर्वांत योग्य. त्यात आदल्या सोलच्या प्रतिमांची स्थानिक वेळ वेगळी होती. जुलैचा नियम मी स्वतःच मोडला होता.

तिकडे ताईंचे म्हणणे वेगळे होते. २०१७ मध्ये लँडरवरील चिपवर कोरण्यासाठी जगभरातून नावे मागवली गेली, तेव्हा भारतातून १,३८,८९९ नावे गेली होती आणि त्यांत त्यांच्या वर्गातील मुलांचीही होती. ती मुले आता दहावीत होती आणि मोलचे काय झाले हे त्यांना दर आठवड्याला विचारत. ताईंना वाटत होते की बातमी चांगली असो वा वाईट, जे दिसते ते मुलांपर्यंत लगेच पोचले पाहिजे. त्यांचा मुद्दा असा, की अधिकृत निवेदन आल्यावर मुले फक्त वाचतील, पण आज कच्ची प्रतिमा हातात दिली तर ती पाहून स्वतः मोजतील.

विचारात घेतलेले पर्याय

सकाळी सात वाजता आम्ही तिघे फोनवर एकत्र बसलो.

पहिला पर्याय होता, हलते चित्र गटावर आहे तसे राहू देणे आणि त्याखाली अधिक माहिती लिहिणे. तो मला सोयीचा होता, म्हणूनच काकांना तो नको होता. दुसरा पर्याय, चित्र काढून टाकून अधिकृत निवेदनाची वाट पाहणे. अमेरिकेत तेव्हा शनिवारची रात्र होती; निवेदन कदाचित सोमवारपर्यंत येणार नाही असा आमचा अंदाज होता. तिसरा पर्याय, चित्र मागे घेऊन, त्याच सोलच्या मोजक्या प्रतिमा कोणताही रंग वा कॉन्ट्रास्ट न बदलता शेजारी शेजारी ठेवून, मोजमापासह आणि खात्री नसलेल्या गोष्टींसह पुन्हा देणे. चौथा पर्याय मोहिमेतील शास्त्रज्ञांना लिहून विचारण्याचा होता, पण तो आम्ही फार वेळ धरला नाही. आम्हाला दिसत होते ते त्यांना आमच्या आधीच दिसले असणार आणि त्या घटकेला त्यांच्यापुढे आमच्या शंकेपेक्षा कितीतरी मोठा प्रश्न उभा होता.

तिसऱ्या पर्यायावर एकमत व्हायला अर्धा तास लागला. कारण काय द्यायचे, यावर अडले. मला वाटत होते की भुजा मागे घेताना मोल तिच्यासोबत ओढला गेला असावा. काकांना वाटत होते की मोल स्वतःच्याच उसळीने वर आला. दोघांकडेही पुरावा नव्हता. शेवटी ताई म्हणाल्या, “कारणाची ओळ रिकामीच ठेवूया. मुलांना रिकामी ओळ दिसली तर ती विचार करतील. चुकीचं कारण दिसलं तर ते पाठ करतील.” त्यांच्या या वाक्यामुळे त्या दिवसाचा निर्णय झाला.

केलेली कृती

प्रथम मी गटावरील चित्र काढून टाकले. तोपर्यंत ते किती जणांनी पुढे पाठवले होते, याची कल्पना नव्हती.

मग एकाच सोलच्या, ठोकण्याच्या सत्रात काही मिनिटांच्या अंतराने टिपलेल्या प्रतिमाच वेगळ्या काढल्या. त्यामुळे सूर्याची दिशा बदलण्याचा प्रश्न जवळजवळ मिटला. प्रतिमा एकमेकींवर बसवण्यासाठी स्कूप पूर्णपणे झाकून टाकला आणि जमिनीवरचे सहा खडे हाताने निवडले: तीन कॅमेऱ्याच्या जवळचे, तीन लांबचे. ही निवड काकांची. कॅमेरा हलला असेल तर जवळचे खडे जुळवल्यावर लांबचे जुळणार नाहीत, आणि लांबचे जुळवले तर जवळचे चुकतील. सहाही खडे एका पिक्सेलच्या आत एकमेकांवर बसले. म्हणजे कॅमेरा जवळपास जागच्या जागी होता आणि फक्त मोल सरकला होता.

पुढचा प्रश्न तो किती सरकला हा. मोलची जाडी २.७ सेंटिमीटर हे ठाऊक असल्यामुळे तीच आमची मोजपट्टी झाली. भुजेवरच्या कॅमेऱ्यात मोलची रुंदी चाळीसएक पिक्सेल भरत होती आणि शेवटच्या प्रतिमेत जमिनीवरचा उघडा भाग त्या रुंदीच्या सुमारे पाच पट होता. सरळ गुणाकार केला तर साडेतेरा सेंटिमीटर. पण कॅमेरा वरून तिरका पाहतो, त्यामुळे उभी लांबी चित्रात आखूड दिसते. खरा आकडा याहून मोठाच असणार, लहान नाही. म्हणून आम्ही ‘मोलचा निदान एक तृतीयांश भाग जमिनीबाहेर दिसतो’ एवढेच लिहायचे ठरवले.

दुपारी डेकखालच्या कॅमेऱ्याची त्याच सोलची प्रतिमा मिळाली. या भिंगावर उतरण्याच्या वेळेपासून धुळीचे डाग होते. अनेक प्रतिमांचा मध्यक, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचे मधले मूल्य, काढून आम्ही त्या डागांचा एक नकाशा करून ठेवला होता. तो वजा केल्यावर प्रतिमा बरीच स्वच्छ होत असे. रुंद कोनाच्या या प्रतिमेत मोलची जाडी जेमतेम सहा-सात पिक्सेल होती, तेव्हा मोजमापाला ती कच्ची होती. ताईंनी मोलऐवजी त्याची सावली पाहिली. शाळेत शंकूच्या, म्हणजे उभ्या काठीच्या, सावलीवरून मध्यान्ह शोधण्याचा प्रयोग त्या दरवर्षी करून घेतात, त्यामुळे त्यांची नजर आधी तिकडेच गेली. तिरप्या उन्हात जमिनीवर पडलेली काळी रेघ, जी आधीच्या त्याच वेळेच्या प्रतिमेत ठिपक्याएवढी होती, ती आता लांब आणि सरळ होती. दुसऱ्या जागी पक्क्या बसवलेल्या, भुजेशी संबंध नसलेल्या कॅमेऱ्याने तीच गोष्ट सांगितली होती.

दुपारी तीनच्या सुमारास, लक्ष्मीपूजनाच्या तयारीतून वेळ काढून, आम्ही दोन न रंगवलेल्या प्रतिमा, खड्यांच्या खुणा, मोजमाप आणि प्रक्रियेची नोंद गटाला दिली. कारणाच्या ओळीत काहीही लिहिले नाही.

परिणाम

अमेरिकेतला रविवार सुरू झाल्यावर मोहिमेच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून कळले की मोल जमिनीतून जवळजवळ अर्धा बाहेर आला आहे. सोमवारची वाट पाहावी लागली नाही. आमचा ‘निदान एक तृतीयांश’ त्यात बसत होता. कारणाबद्दल मात्र माझा तर्क चुकीच्या दिशेने होता. मोल ठोक्याने उसळला की त्याच्या टोकाखाली मोकळी झालेली जागा आजूबाजूच्या मातीने भरत जाते आणि प्रत्येक ठोक्यासरशी तो थोडा थोडा वर ढकलला जातो, असे स्पष्टीकरण मोहिमेच्या चमूने पुढे आणले. काकांचा उसळीचा तर्क याच्या जवळ होता, पण खाली शिरणाऱ्या मातीचा विचार त्यांच्याही मनात आला नव्हता. कारणाची ओळ रिकामी ठेवल्याचे समाधान आम्हाला तेव्हा सर्वांत जास्त वाटले.

दुसरा परिणाम मात्र आमच्या हातात राहिला नाही. पहाटेचे गडद तांबडे चित्र गटाबाहेर गेले होते. दोन दिवसांनी, भाऊबीजेला, एका बातम्यांच्या पानावर ते मंगळाने यंत्र बाहेर फेकल्याच्या मथळ्याखाली दिसले. त्यावर ना सोलचा क्रमांक होता, ना रंग वाढवल्याचा उल्लेख. दोष त्या पानाचा जितका, त्याहून अधिक माझा होता, कारण ती माहिती मी चित्रासोबत दिलीच नव्हती. आम्ही दुरुस्ती पाठवली. मथळा बदलला गेला, चित्र तसेच राहिले.

ताईंच्या वर्गात दिवाळीच्या सुटीनंतर मुलांनी दोन्ही प्रतिमांच्या छापील प्रती घेऊन पट्टीने मोजमाप केले. बहुतेकांचे उत्तर साडेचार ते साडेपाच पटीच्या दरम्यान आले. एका मुलीने विचारले की मोल सरळ उभा नसून कललेला असेल तर काय करायचे. मोल पहिल्याच प्रयत्नात सुमारे १५ अंशांनी कलला होता हे आम्हा तिघांनाही माहीत होते आणि तिघांनीही ते हिशेबात घेतले नव्हते.

निर्णयाच्या जागा

मागे वळून पाहताना मला तीन जागा दिसतात, जिथे वेगळे वागता आले असते.

पहिली जागा पहाटे पाच चाळीसची. प्रतिमा मिळाल्यापासून पाठवण्यापर्यंत वीस मिनिटेही गेली नव्हती. घाई करण्याचे कोणतेही कारण नव्हते. मोल कुठे पळून जाणार नव्हता. आता आमच्यात असे ठरले आहे, की एकाने केलेली प्रतिमा दुसऱ्याने पाहिल्याशिवाय तिघांच्या बाहेर जात नाही.

दुसरी जागा रंगाची. कच्च्या प्रतिमेचा रंग हा मंगळाचा ‘खरा’ रंग नसतो, धुळीने गाळलेल्या प्रकाशात कॅमेऱ्याला जे मिळाले ते असते, आणि तो पृथ्वीवरच्या उजेडासारखा करावा की तिथे उभ्या माणसाला दिसेल तसा ठेवावा, हे दोन्ही पर्याय प्रामाणिक आहेत. मात्र मी केले ते या दोन्हींपैकी काहीच नव्हते. मी तो फक्त उठावदार केला. काही महिन्यांनी प्रकाशमापनाने दुरुस्त केलेल्या प्रतिमा सार्वजनिक संग्रहात उपलब्ध झाल्यावर मी तीच जोडी पुन्हा तयार केली. पाच पटीचा आकडा बदलला नाही, पण जमीन माझ्या पहिल्या चित्राइतकी लाल कुठेच नव्हती. ती फिकट, मातकट पिवळसर होती.

तिसरी जागा माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि तिच्यावरचा उपाय काकांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीतून आला. ड्राफ्ट्समनच्या प्रत्येक नकाशात उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते: कोणी काढला, कोणी तपासला, प्रमाण काय, कितवी दुरुस्ती. ती चौकट नकाशाचाच भाग असते, वेगळा कागद नव्हे, म्हणून नकाशा कितीही हातांतून गेला तरी ती सुटत नाही. आमच्या प्रतिमांना आम्ही तशीच चौकट प्रतिमेच्या आतच छापू लागलो.

पुढे मोलचे काय झाले ते सर्वज्ञात आहे. २०२०मध्ये स्कूपने त्याच्या डोक्यावर दाब देत त्याला जमिनीच्या पातळीखाली नेले गेले; ९ जानेवारी २०२१ रोजी आणखी ५०० ठोके देऊनही तो पुढे सरकला नाही आणि प्रयत्न थांबवण्यात आले. भूकंपमापक मात्र काम करत राहिला आणि ४ मे २०२२ रोजी त्याने ४.७ तीव्रतेचा भूकंप नोंदवला. सौरपट्ट्यांवर धूळ साचत गेली, वीज कमी होत गेली आणि २१ डिसेंबर २०२२ रोजी मोहीम संपल्याचे जाहीर झाले. त्या शेवटच्या महिन्यांत, प्रतिमा विरळ होत गेल्या तेव्हाही, आम्ही प्रत्येकीला चौकट लावत राहिलो.

सोल ३२५ची दुरुस्त केलेली जोडी काकांच्या घरी भिंतीवर आहे. तिच्या कोपऱ्यातली चौकट त्यांनी छापील अक्षरांऐवजी स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनने लिहिली आहे: सोल, स्थानिक वेळ, कोणता कॅमेरा, कशावर जुळवली, रंगात काय बदल, कोणी केली, कोणी तपासली. ‘कारण’ या शेवटच्या ओळीसमोर मोहिमेचे स्पष्टीकरण आल्यानंतरही त्यांनी काही लिहिलेले नाही, कारण ते आम्हाला या प्रतिमांतून मिळाले नव्हते.